खाटेखालची पेटी

नीळकंठ, गाडी दोनला येईल म्हणतात,
म्हणजे तीन.
तेवढ्यात हे लिहून ठेवतो.

चाव्या, हेल्मेट, गेटपास यांची नोंद रजिस्टरात आहे.
खाटेखालच्या पेटीची नाही.
तिच्यात दगड आहेत.
हसू नकोस, उघडून बघ:
शिंपला, पण शिंपला नव्हे,
तो गेल्यावर चिखलाने धरून ठेवलेला त्याचा आकार.
तुझ्या उशीत माझ्या डोक्याचा खळगा आहे ना,
तसाच.

मी सांगोल्याकडचा. आमचा दगड काळा, आगीतून आलेला.
विहिरीला सुरुंग लावले तेव्हा बापाच्या हाती
गारगोट्या लागल्या, चमचमीत,
पण कोणी राहून गेल्याची खूण नाही.
इथे अल खोरच्या किनाऱ्याला दगड पांढरा, ठिसूळ.
उचलला की कोणी ना कोणी घरात असतंच.

जायचं तर एकटा जाऊ नकोस. शिहाबला घे.
तो बेपूरचा, पाण्याशी त्याचं घरचं देणंघेणं.
भरतीचा तक्ता दारामागे चिकटवलाय,
लाल खुणा माझ्या.
पाणी उतरताना तूही उतर,
आणि ते थबकायच्या आत पाठ फिरव.
इथलं पाणी लाट होऊन अंगावर येत नाही.
तू वाकलेला असतोस कुठल्याशा शिंगटीवर,
आणि मागचा ओघळ
गुपचूप भरत असतो.

कडा म्हणजे काय, पुरुषभर उंच;
पण पोटातून पोखरलेला.
त्याच्या सावलीत डबा उघडायचा नाही.
ह्या देशात सावलीला नाही म्हणणं
किती जड, ते मला सांगू नकोस.
हातोडाही नको. कड्याने आपणहून जे टाकलं
तेवढ्यावरच हात ठेव.

पुढे साय धरलेली जमीन लागेल. सबखा.
दिसते टणक. माझा उजवा बूट अजून तिच्यात आहे,
आठ नंबर, पोलादी टोकाचा,
कंपनीने पंचाण्णव रियाल कापले.
लाख वर्षांनी कुणाला मिळाला
तर त्यावरून आमची चाल ओळखतील बिचारे.

गुडघाभर पाण्यात पाऊल उचलून टाकू नकोस, घासत ने.
वाळूखाली पाकट झोपलेला असतो.
शिहाब त्याला तेरंडी म्हणतो,
डंखाला दोन्ही नावं सारखीच.

आता जे रजिस्टरात कधीच येणार नाही ते.
फेब्रुवारीत मला एक समुद्री साळू मिळाला,
तळहाताहून मोठा, पाठीवर पाच पाकळ्यांचं फूल,
कुणीतरी सुईने टोचून काढावं तसं.
मी तक्ता विसरलो.
अकरा वर्षं रोज सकाळी सहाला
दीडशे माणसांना नियम म्हणून दाखवणारा मी
दोन्ही हातांत दगड धरून उभा होतो,
आणि कमरेला पाणी लागलं.
शिहाबने हाक मारली नाही. शिट्टी वाजवली.
साइटवरची. मी दुसऱ्यांसाठी वाजवतो ती.
त्याने हात पुढे केला.
धरायला मला एक हात रिकामा करावा लागला,
आणि एका हातात ते फूल मावत नव्हतं.

म्हणून पेटीतला सगळ्यात चांगला तुकडा
पेटीत नाही.

बाकीचे मी नेत नाही. तीस किलोत
पोरीची सायकल सुटी करून बसवलीय, चाकं राहिली.
शिवाय विचारून आलो ऑफिसात:
इथलं इथून हलवायचं नसतं.
मी हलवलं होतं, दीड मैल, खाटेखाली.
जमेल तसं एकेक परत ठेवून ये,
भरतीच्या रेषेच्या वर,
ओहोटी बघून.
त्यांना घाई नाही, तूही करू नकोस.

शिट्टी खिळ्याला टांगली आहे.
आतला वाटाणा जरा अडकतो,
दोनदा फुंकावी लागते.

हॉर्न वाजतोय. अजून पावणेतीनच.